विमानाखालची माणसे

युद्धासाठी बांधलेली विमाने आता हौसेच्या सहलीला निघतात. इंग्लंडमध्ये दोन आसनांच्या स्पिटफायरमधून अर्धा तास फिरायचे तर हजारो पौंड मोजावे लागतात, आणि मोजणारे मिळतात. आपल्याकडे तशी सोय नाही. भारतीय हवाई दलाकडे उडणारे एक जुने डकोटा आहे. पण तिकीट काढून त्यात कुणाला बसता येत नाही. तरीही क्षणभर समजा, उद्या कुणी असे एखादे विमान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलावर फिरवू लागला, तर आपण त्यात बसावे काय? प्रश्न पैशाचा नाही. ज्या यंत्रातून माणसांनी मरण नेले, त्यातून आपण मौज घ्यावी काय, असा हा प्रश्न आहे.

पहिले उत्तर सोपे वाटते. यंत्राला नियत नसते, नियत माणसाची असते. डकोटाचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धासाठी ही विमाने हजारोंनी बांधली गेली. १९४४ साली इंफाळला वेढा पडला तेव्हा आतल्या फौजेला रसद पोचवणाऱ्यांत तीच होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिले सैनिक डकोटांनीच उतरवले. पुंछ वेढले गेले तेव्हा तिथे धान्य आणि दारूगोळा त्यांनी नेला, आणि परतताना निर्वासितांना बाहेर काढले. त्याच विमानांतून प्रसंगी बॉम्बही टाकले गेले. युद्ध सरल्यावर, १९४९ पासून, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून उजाडायच्या आत परतत. म्हणजे एकाच जातीच्या विमानाने सैनिक, निर्वासित, बॉम्ब आणि प्रेमपत्रे, सारे काही वाहिले. मग त्याने उद्या पर्यटक वाहिले तर काय बिघडले?

काही बिघडले नाही, असे म्हणून थांबता आले असते. पण त्या विमानाशी ज्यांचा संबंध येतो, त्या सगळ्यांची स्थिती सारखी नसते. फरक आहे तो निवडीचा.

हौसेने बसणारा माणूस आपल्या मर्जीने बसतो. धोका असतो, तोही त्याने पत्करलेला असतो. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडच्या डोंगरात १९३९ सालचे एक युंकर्स विमान सहलीवरून परतताना कोसळले आणि वीसही जण मेले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये एक बी-१७ पडले, सात जण गेले. या मरणांचे दुःख कमी नाही. पण तिथे तिकीट काढताना 'नको' म्हणण्याची मुभा होती. युद्धात त्याच आसनावर बसलेल्या विशीतल्या पोराला ती नव्हती. त्याला हुकूम होता. नागपूरच्या टपाल विमानांतली माणसे पोटासाठी रात्री उडत होती. डिसेंबर १९५३ मध्ये त्यातले एक डकोटा नागपूरहून उडताच कोसळले. वैमानिक तेवढा वाचला.

आणि तिसरी माणसे विमानात नसतातच. ती खाली असतात. त्यांना कुणी काही विचारतच नाही. विमानातून पहिला बॉम्ब पडला तो १ नोव्हेंबर १९११ रोजी, लिबियात. इटलीच्या एका वैमानिकाने तो त्रिपोलीजवळच्या ओअॅसिसवर हाताने टाकला. १९३७ साली स्पेनमधील गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत युंकर्स होती. म्हणजे आल्प्सची शोभा दाखवणाऱ्या त्या विमानाचीच भावंडे. वरून दोन्हीकडे साधारण सारखेच दिसले असेल: छपरे, एखादी नदी, शेतांचे तुकडे. पर्यटकाला जी उंची देखावा देते, तीच बॉम्ब टाकणाऱ्याला निशाणा देते, कारण दोघांनाही तिथून चेहरा दिसत नाही. माझ्या मते खरी नैतिक अडचण इथे आहे. विमानाचा भूतकाळ ही त्यामानाने लहान गोष्ट.

गडचिरोलीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. भामरागड, एटापल्लीकडच्या खेड्यांत आकाशातला आवाज म्हणजे गंमत नव्हे. हेलिकॉप्टर आले म्हणजे मतदान पथक आले, नाहीतर कुठे चकमक झाली आणि जखमी जवानाला नागपूरला नेत आहेत, एवढे ओळखायला तिथली पिढी शिकली. भय एकाच बाजूला होते असेही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात निवडणुकीच्या कामावरच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर खालून गोळ्या झाडल्या गेल्या आणि सार्जंट मुस्तफा अली मारला गेला. वरच्याला खालचा दिसत नव्हता, खालच्याला वरचा दिसत नव्हता. खाली फक्त एक आवाज होता आणि वर फक्त एक जंगल.

चंद्रपूरकडे वळलो तर हीच गोष्ट शांतपणे घडलेली दिसते. ताडोब्यात जामणी आणि नवेगावची हिरवी कुरणे आज वाघ पाहणाऱ्यांना मोह घालतात. ती कुरणे म्हणजे उठवलेली गावे आहेत. व्याघ्र प्रकल्पासाठी तिथली माणसे बाहेर वसवली गेली आणि चुली पेटत होत्या तिथे गवत वाढले. गावे हलवणे योग्य होते की नाही, हा वाद वेगळा. वाघाचाही हक्क आहे. पण वरून पाहणाऱ्याला ते नुसते कुरण वाटेल. थोडे पुढे वीज केंद्राची धुराडी आणि कोळसा खाणींचे मातीचे ढिगारे दिसतील. तेही लांबून डोंगरांसारखे सुंदर भासतील. उंची खोटे बोलत नाही, पण ती अर्धेच सांगते.

मग बसावे की नाही? बसू नये, असे मी म्हणणार नाही. आकाशातून जमीन पाहण्याचा आनंद निर्मळ आहे आणि जुनी यंत्रे चालती ठेवणाऱ्यांची मेहनत मोलाची आहे. ती नष्ट केल्याने एकही मेलेला माणूस परत येणार नाही. उलट यंत्र डोळ्यांसमोर राहिले तर आठवण राहते. मात्र आठवण कुणाची, हे विचारले पाहिजे. अशा सहलींत वैमानिकाच्या शौर्याची गोष्ट भरपूर सांगितली जाते. ती सांगावीच. पण विमानाखाली जे होते त्यांची नावे तिथे क्वचितच येतात. ती गोष्ट सांगायला कुणी नसेल तर ती माहीत करून घेणे, हे मर्जीने बसणाऱ्याचे देणे लागते. तिकिटाचे पैसे दिल्याने ते फिटत नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण कधी अशा विमानात बसतील. परंतु उंचीवर आपण रोज चढत असतो. शिक्षणाची उंची, नोकरीची उंची, शहरातल्या पाचव्या मजल्याची उंची. तिथून मोहल्ला, खेडे, जंगल सारे एका नजरेत मावते आणि छान दिसते. अशा वेळी मनाला एवढेच विचारावे, की हे जे मला देखावा म्हणून दिसते आहे, ते कुणाचे घर आहे?