भिंतीतली ओल

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी रंगाचे डबे येतात. पोपडे खरवडावयाचे, लांबी भरावयाची, वर रंगाचे दोन हात द्यावयाचे. सणापुरती भिंत हसते. पण होळी येते न येते तोच त्याच जागी पुन्हा डाग उमटतो. दोन-चार वर्षे असे झाले म्हणजे कळते, की दोष रंगाचा नव्हे, भिंतीतल्या नळाचा आहे.

आमच्या सेनगावच्या बाजूला माळवदाची घरे आणि आडाचे पाणी होते, तेव्हा पाण्याला लपावयास जागा नव्हती. रांजण पाझरला तर लहान पोरही सांगे. आता लोखंडी नळ भिंतीत गाडलेला असतो. सांधा ढिला राहतो, गंज चढतो, पाणी थेंबाथेंबाने विटांत मुरते आणि गिलावा फुगवते. घर घेऊन सात वर्षे झाल्यावर भिंत फोडावी, तो सांध्याभोवती कुणी तरी गुंडाळलेली रबराची पट्टी सापडते. म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक होते! तो बोलला मात्र नाही.

न बोलणे हे खोटे बोलणेच काय?

प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी 44 या वर्षी रोमच्या सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात नेमके दोष झाकून घर विकणाऱ्याचेच उदाहरण घेतले. डायोजिनिस म्हणतो, घ्या म्हणून सक्ती कुणी केली? अँटिपॅटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यासारखे हे पाप आहे. सिसेरोने कौल दिला तो सांगण्याच्या बाजूने.

आपला कायदाही तेच म्हणतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साध्या दक्षतेने न दिसणारा मोठा दोष न सांगणे ही फसवणूकच आहे. 2016 च्या ‘रेरा’ कायद्याने बांधकाम व्यावसायिकावर ताब्यापासून पाच वर्षे दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी टाकली. पण ओल सहाव्या वर्षी दिसली तर? मुदत संपते, दोष मात्र पहिल्या दिवसापासून तेथेच असतो. वर्षे लोटली म्हणून मौन निर्दोष होत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. स्वतःच्या अब्रूपुरते ते ठीक. परंतु दुसऱ्याची जन्माची पुंजी त्या मुठीत असेल तर ती उघडलीच पाहिजे.

खरी कसोटी मात्र फसविणाऱ्याची नव्हे, फसलेल्याची आहे. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी त्याला तेच घर विकावे लागते. ‘मला तरी कुणी सांगितले होते?’ हे वाक्य तेव्हा जिभेवर येते, आणि ते खरेही असते. पण त्याच वाक्याच्या आधाराने एकाची फसवणूक दुसऱ्याच्या गळ्यात पडते. ही माळ तुटते ती, जो दोष सांगून चार पैसे कमी घेतो त्याच्यापाशी. त्याचे नुकसान खरे असते, आणि ते कुणी भरून देत नाही. म्हणून तर त्या सांगण्याला मोल आहे.

वाचकहो, घर घेताना एका रात्री टाकीत येणारे पाणी आणि सगळे नळ बंद करून पातळीची खूण करा, सकाळी पाहा. आणि घर देताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एवढे वाक्यही द्या: ‘न्हाणीघराच्या भिंतीकडे लक्ष असू द्या.’