सांत्वनाचे पैसे

जपानला जाणारे आपले लोक नारा, कामाकुरा येथील बुद्धमूर्तींना वंदन करून परततात. त्यात गैर काहीच नाही. परंतु वाचकहो, तुम्हाला कधी तो योग आला, तर क्यूशू बेटावरील मिनामाता या समुद्रकाठच्या लहानशा शहरीही जा. वस्ती २५ हजारांच्या आत. समोर शिरानुई समुद्र, तळ्यासारखा शांत.

याच समुद्रात चिस्सो कंपनीच्या कारखान्याने १९३२ पासून १९६८ पर्यंत पाऱ्याचे विष सोडले. मासळीतून ते कोळ्यांच्या पोटात गेले. हातपाय थरथरू लागले, वाचा गेली, दृष्टी गेली; आईच्या उदरातली लेकरेही सुटली नाहीत. १९५६ च्या मे महिन्यात रोगाची अधिकृत नोंद झाली. तो स्पर्शाने होतो अशी समजूत पसरली, आणि शेजाऱ्यांनी या घरांशी व्यवहार तोडला. विटाळाची भीती काय असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको!

१९५९ साली कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी एका मांजराला कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न खाऊ घातले. मांजराला तोच रोग जडला. कंपनीने ही गोष्ट दडपली, आणि त्याच डिसेंबरात रुग्णांशी करार केला. मृतामागे ३ लक्ष येन. नाव 'सांत्वनाचे पैसे', नुकसानभरपाई नव्हे. अट अशी, की पुढे कारखानाच दोषी ठरला तरी अधिक काही मागायचे नाही.

याला दान म्हणावे काय? तथागताने दुःख सांगितले तसे दुःखाचे कारणही सांगितले. येथे कारण ठाऊक असून झाकले, आणि वर करुणेचा आव आणला. कोणी विचारील, मग त्या गरिबांनी पैसे घेतलेच का? चूल पेटत नसलेल्या घराला हा प्रश्न विचारू नये. घेणाऱ्याकडे लाज नाही; हात पुढे करताना तोंड बांधून घेणाऱ्या दात्याकडे ती आहे.

रुग्णांनी ते तोंड सोडवले. नोव्हेंबर १९७० मध्ये कंपनीचा एकेक शेअर विकत घेऊन ते ओसाकाच्या भागधारकांच्या सभेत शिरले. अंगावर यात्रेकरूंचा शुभ्र पोशाख, हाती मृतांच्या नावाच्या पाट्या, मुखी बौद्ध स्तोत्रे. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी धरले व १९५९ चा करार नीतिविरुद्ध म्हणून रद्द ठरवला.

विषारी गाळावर ५८ हेक्टरांचा भराव घालून आज तेथे उद्यान केले आहे. काठावर रुग्णांनी व इतरांनी घडवलेल्या लहान दगडी मूर्ती समुद्राकडे तोंड करून आहेत. आणि आपल्याला रुग्ण म्हणून मान्यता मिळावी, यासाठी काही वृद्ध माणसे अजूनही न्यायालयात झगडत आहेत.