ओंजळ केवढी?



पहाटे नळाला पाणी येतं. आपण कालचं ‘शिळं’ पाणी ओतून देतो, ताजं भरतो. एका रात्रीत पाणी शिळं होतं का हो?

असं ओतून द्यायला पाणी आहे कुठे? माणसं वाढली, पाऊस तेवढाच राहिला. मग आपण यंत्राकडे धावलो. विहीर आटली, बोअर मारला. तोही आटला, आणखी खोल गेलो. ठिबक सिंचन आलं, पाणी वाचलं. वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी ऊस लावला. यंत्र हात लांब करतं. ओंजळ केवढी, हे आपणच ठरवायचं असतं.

अहिल्यानगरजवळचं हिवरे बाजार आठवा. पर्जन्यछायेतलं गाव. तिथे बंधारे झाले, झाडं लागली. पण शेतीसाठी बोअर नको, हेही गावानं मिळून ठरवलं. दरवर्षी गाव एकत्र बसतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं, मगच पिकं ठरवतं. आधी शिल्लक पाहायची, मग खर्च.

यंत्र हवंच, मंडळी. पण ‘पुरे’ हा शब्द त्याला येत नाही. तो माणसानंच म्हणायचा.

आज हंडा भरताना क्षणभर थांबा. कालचं पाणी तुळशीला घाला. ओंजळ केवढी, हे आपणच ठरवायचं असतं.