खोटी दरी, खरी धडधड

अमेरिकेत, चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञांनी एक आभासी खोली रचली होती. डोळ्यांसमोर छोटे पडदे असलेलं यंत्र डोक्यावर चढवून आत गेलं की पुढ्यात 20 फूट खोल खड्डा दिसे. आपण प्रयोगशाळेच्या सपाट जमिनीवर उभे आहोत हे पक्कं ठाऊक असूनही काठाशी येताच माणसांचे हृदयाचे ठोके वाढत. पायाखाली जेमतेम दीड इंच जाडीची फळी ठेवली, तर आणखीच. मायकेल मीहान, फ्रेड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी 2002मध्ये हे निष्कर्ष मांडले.

मी घरी ‘पंचदशी’ या वेदान्तग्रंथाचं वाचन घेते. तिथे कुणीतरी विचारतंच, ‘‘ताई, जग मिथ्या आहे हे पटलं. मग भीती का जात नाही?’’ दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त अशा वेळी अपुरा पडतो. दिवा आणला की तो साप नाहीसा होतो आणि भीतीही ओसरते. चॅपेल हिलच्या त्या खोलीत मात्र ज्ञानाचा दिवा आधीपासून लावलेला आहे, तरी खड्डा जागचा हलत नाही.

वेदान्ताने हे जाणलं होतं. म्हणून भ्रमाचे दोन प्रकार सांगितले. दोरीवरचा साप हा निरुपाधिक भ्रम; तो ज्ञानाने पुसला जातो. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो तो सोपाधिक; फूल ही त्याची उपाधी. फूल शेजारी आहे तोवर लाली दिसणारच, कितीही समजलं तरी. पाण्यातलं प्रतिबिंब उलटं दिसतं, पण त्या उलट्या माणसावर कुणी विसंबत नाही, असं ‘पंचदशी’कार विद्यारण्य म्हणतात. दिसणं राहतं, विसंबणं जातं. ज्ञानाकडून एवढंच अपेक्षित आहे.

पण विसंबतं कोण? भाचीने एकदा असं यंत्र माझ्या डोक्यावर चढवलं. उंच इमारतीबाहेर काढलेली फळी होती आणि खाली रस्ता. पायाखाली तिच्या दिवाणखान्यातला गालिचा आहे हे जाणवत असूनही पाऊल उचलेना. सगळ्यात आधी अडकला होता तो श्वास. तो मुद्दाम लांब सोडला, तसे गुडघे सैल झाले. फळी तशीच होती, खालचा रस्ताही तसाच. बुद्धीला कळलेलं शरीरापर्यंत पोचायला वेगळी वाट लागते. श्रवण आणि मनन यांच्यापुढे निदिध्यासन, म्हणजे कळलेलं ध्यानाने मुरवणं, सांगितलं आहे ते याचसाठी, असं मला मनापासून वाटतं.

कॅनडातल्या चार डेव्हिस (Char Davies) या चित्रकर्तीने ती वाट यंत्रातच बसवून पाहिली. 1995मधल्या तिच्या ‘ऑस्मोस’ या कलाकृतीत हातात कळ नाही. छातीभोवतीचा पट्टा श्वास मोजतो. श्वास घेतला की माणूस वर तरंगतो, सोडला की खाली उतरतो. कलला की दिशा बदलते. डेव्हिस स्वतः खोल पाण्यात बुड्या मारणारी. तोल आणि श्वास यांवर तरंगण्याचा अनुभव तिथला. झाड, तळं, मुळांखालची माती, सारं अर्धपारदर्शक. पळत सुटायची सोयच नाही, त्यामुळे घाईने आलेलेही मंदावत. काहीजण रडत बाहेर आले.

हीसुद्धा मायाच, असा आक्षेप कुणी घेईल. तो मला मान्य आहे. यंत्राच्या आधाराने लाभलेली शांती ही उपाधीची शांती. उपाधी काढली की ती टिकेलच असं नाही. म्हणून ‘ऑस्मोस’मधल्या पंधरा मिनिटांना मी साधना म्हणणार नाही. पण कोणतंही आभासी जग खरं की खोटं, हा वादही मला दुय्यम वाटतो. दृश्य खोटं ठरलं तरी धडधड खरीच असते, आणि ज्याला ती जाणवते त्याच्या असण्याविषयी शंका नसते. धर्माचा प्रश्न तिथून सुरू होतो. विकत मिळणारे अनेक आभासी खेळ ती धडधड वाढवण्यासाठीच घडवलेले असतात. असं जग घडवणाऱ्याला मी एकच विचारेन: तुमच्या जगातून बाहेर पडलेला माणूस स्वतःच्या श्वासाचा थोडा अधिक धनी झाला, की त्या श्वासाचा ताबा तुमच्याकडे गेला?