ओंजळभर पाणी



आजचा श्लोक : गीता, अध्याय ९, श्लोक २६. भगवंत मागतात काय, तर पान, फूल, फळ किंवा नुसतं पाणी. पण शुद्ध मनानं दिलेलं. एवढ्याशा श्लोकात ‘भक्ती’ दोनदा येते. पाठ सगळ्यांनाच असतो हा. मला तो मागच्या आठवड्यात कळला, तोही गाडीतून फिरताना.

आमचं बेलापूर प्रवरेकाठचं. उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून माझं आणि दादाचं वाजलं. कारण काय, तर एका रात्रीची पाळी! त्याचा ऊस वाळत होता, माझाही. तेव्हापासून बोलणं बंद. शेवटी आईच म्हणाली, “मला रतनवाडीला न्या. दोघंही चला.”

दोन्ही घरं एकाच गाडीत. लोणी, संगमनेर, अकोले गेलं तरी आम्ही दोघं आईमार्फतच बोलत होतो. “त्याला म्हणावं, काच वर कर.” पोरं मागं हसत होती. राजूरच्या पुढं डोंगर जवळ आले. मग ढगात अर्धं बुडालेलं कळसूबाई दिसलं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पोरांनी गाडी थांबवायला लावली. तिथून पुढं भंडारदरा. धरण १९२६ साली पूर्ण झालेलं. आमच्या पाटाला पाणी येतं ते इथूनच.

जलाशयाच्या कडेकडेनं अभयारण्यातून रतनवाडी गाठली. प्रवरा उगम पावते ती इथल्याच रतनगडावर. अमृतेश्वराच्या देवळाजवळ पाणी खळखळत होतं. आईनं वाकून ओंजळ भरली, थरथरत्या हातानं महादेवाला घातली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. मग आमच्याकडं वळून म्हणाली, “हेच ना रे तुमचं पाणी?”

दादा खाली बघत राहिला. मीही.

बघा ना, रोज सकाळी मी देवाला तांब्याभर पाणी घालतो. ते जर ‘माझं’ नसेल, तर मी अर्पण तरी काय करतो? आणि ‘माझं’ असेल, तर भावाला एक रात्र का देववत नाही? देव पाणी मागतो कारण ते कुणाकडंही असतं. अवघड आहे ती श्लोकातली दुसरी अट, शुद्ध मनाची. तांब्या भरलेला होता माझा, पण मनात बांधाचा हिशेब.

परतताना राजूरला पेढे घेतले. दादानं पुडा उघडून न बोलता माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, “रब्बीच्या आवर्तनाला पहिली पाळी तू घे.” तो म्हणाला, “बघू.” एवढंच. बांधाचा वाद अजून तसाच आहे. पण ते ‘बघू’ आईमार्फत आलं नव्हतं.

आजचा नेम : देवाला पाणी घालण्याआधी, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला एक फोन. फोन झाला की मग ओंजळ.

जय हरी!