वादळाचं खापर

नॉर्वेच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, एका बेटावर, वार्दो हे छोटंसं गाव वसलं आहे. पोट चालायचं ते मासळीवर. १३०७ साली इथल्या चर्चचं अभिषेचन झालं, किल्लाही जवळपास तेवढाच जुना. सतराव्या शतकात याच किल्ल्याच्या आसऱ्याने धर्मशास्त्रातला एक जुना पेच फौजदारी खटला होऊन उभा राहिला: समुद्र माणसं गिळतो तेव्हा त्याचा कर्ता कोण?

१६१७च्या नाताळच्या आदल्या दिवशी वार्दो आणि शेजारच्या किबर्गच्या होड्या समुद्रात होत्या. एकाएकी वादळ उठलं. दहा होड्या बुडाल्या, चाळीस पुरुष गेले. उण्यापुऱ्या तीनेक हजार वस्तीच्या फिनमार्क प्रांतात हा घाव किती खोल गेला असेल! योगायोग असा की त्याच वर्षी राजा चौथा ख्रिस्तियान याने चेटकाविरुद्ध कडक फर्मान काढलं होतं. १६२०मध्ये ते फिनमार्कात जाहीर झालं. तोवर कारभाराची सूत्रं जॉन कनिंगहॅम या स्कॉटिश माणसाच्या हाती आली होती, आणि स्कॉटलंडला चेटकिणी शोधण्याचा सराव होता.

१६२१मध्ये धरपकड सुरू झाली. संशयित बाईला समुद्रात टाकायचं. तरंगली तर दोषी, कारण पवित्र पाणी पापिणीला पोटात घेत नाही. एल्से क्नुत्सदातर या परीक्षेनंतर ‘कबूल’ झाली: दोरीला गाठी मारून सोडल्या आणि समुद्र खवळला.

हे सगळं अडाणीपणातून झालं असं म्हणून मोकळं होता येत नाही. वादळ देवाच्या हातचं की सैतानाच्या, याचं उत्तर ल्यूथरपंथाच्या घरातच तयार होतं. जर्मन धर्मोपदेशक योहानेस ब्रेन्त्स याने १५३९मध्ये गारपिटीवर प्रवचन करताना ठणकावून सांगितलं होतं की गारा देव पाडतो, चेटकीण नव्हे. सैतानाला हवामानाचा अंदाज आधी येतो, मग तो बाईला फूस लावतो आणि ती बापडी समजते की हे आपणच केलं. बाईच्या हाती वारा दिला, तर देवाच्या सर्वसत्तेचं काय उरलं? युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याच ब्रेन्त्सने पुढे पुस्ती जोडली की तिचा हेतू दुष्ट होता, म्हणून शिक्षा योग्यच. देवाचा अधिकार शाबूत राहिला, बाईची सुटका मात्र झाली नाही!

इथेच खरी मेख आहे. ‘देवाची इच्छा’ हे उत्तर चर्चमध्ये चालतं; चाळीस प्रेतं मोजलेल्या गावाला ते पुरत नाही. देवाला कोर्टात खेचता येत नाही, शेजारणीला येतं. शिवाय कबुलीजबाबात दुसऱ्या शेजारणींची नावं येतात आणि खटल्याची साखळी लांबत जाते. १६०० ते १६९२ या काळात फिनमार्कात सुमारे १३५ जणांवर खटले चालले. ९१ जण मारले गेले, त्यांत ७७ बायका होत्या. अख्ख्या युरोपात लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण भयंकर ठरतं. २०११पासून वार्दोच्या किनाऱ्यावर त्यांचं स्मारक आहे: वास्तुविशारद पेटर झुम्थोर यांच्या लांबलचक दालनात प्रत्येकासाठी एक खिडकी आणि एक दिवा, शेजारी लुईझ बुर्ज्वा यांची जळती खुर्ची.

या इतिहासात एक अपवाद आहे, आणि तो कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त बोलका आहे. १६६२-६३च्या लाटेत लहान मुलींवरही आरोप झाले. आपण सैतानाला भेटलो, असं त्या बिनदिक्कत सांगत होत्या. पण १६६३मध्ये त्यांची प्रकरणं बाहेरून आलेल्या वरिष्ठ न्यायाधीशापुढे गेली आणि त्या निर्दोष सुटल्या. देव तोच, बायबल तेच, सैतानावरची श्रद्धाही तीच. फरक एवढाच की पुरावा तपासणाऱ्याचं त्या वादळात कुणी बुडालेलं नव्हतं. सुटलेल्यांत इंगेबोर्ग आणि कारेन या दोघी बहिणी होत्या. त्यांची आई, सोल्वे नील्सदातर, निकालाआधीच जाळली गेली होती.