वीरगळावरील गाई

मानपत्र लिहिणे हे खेड्यातल्या शाळामास्तराच्या पाचवीलाच पुजलेले असते. त्यातून तो कादंबऱ्या लिहिणारा निघाला म्हणजे मग विचारायलाच नको. करकंबसारख्या गावात बदलून जाणारे फौजदार, निवृत्त होणारे पोस्टमास्तर, सोसायटीचे नवे चेअरमन अशा किती जणांची मानपत्रे मी आजवर लिहिली असतील, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. 'आपली कर्तव्यनिष्ठा', 'आपला मनमिळाऊ स्वभाव' हे शब्द माझ्या लेखणीतून आता आपोआप उतरतात. नाव तेवढे बदलावे लागते. परंतु काही वर्षांपूर्वी एका मानपत्रापाशी माझी लेखणी अडली, आणि तेव्हापासून सामान्य माणसाच्या शौर्याचा सत्कार करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

घडले ते असे. उसाचा हंगाम होता. टेंभुर्णीच्या रस्त्यावर सायंकाळी एक मोटारसायकल उलटली आणि तिच्यावरचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा रस्त्याच्या कडेला फेकला गेला. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होते. पाहता पाहता वीस-पंचवीस माणसे गोळा झाली. त्यांत मीही होतो. १०८ क्रमांकाला कोणीतरी फोन लावला होता, आणि त्या एका फोनाने आम्हा सर्वांचे कर्तव्य जणू पार पडले होते. मुलगा ओळखीचा नाही. हात लावावा तर पोलिसांचा जबाब, कोर्टाची तारीख. शिवाय हलवताना काही बरेवाईट झाले तर? मी चार बुके वाचलेला असल्यामुळे माझ्यापाशी कारणे अधिक होती, एवढाच काय तो इतरांत आणि माझ्यात फरक. इतक्यात मागून उसाची एक टायरगाडी आली. गाडीवानाने बैल थांबवले, डोक्याचा पटका सोडून मुलाची मांडी करकचून आवळली आणि गाडीतल्या मोळ्या भराभर रस्त्यावर टाकायला सुरुवात केली. त्याची बायको काही न बोलता दुसऱ्या बाजूने मोळ्या ओढू लागली. जागा झाली तेव्हा त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि म्हटले, "आरं, पाय तरी धरा कुणी." तेव्हा आम्ही पाय धरले.

पुढे येणाऱ्या सव्वीस जानेवारीला त्याचा सत्कार करावा, असे गावाने ठरवले. मानपत्र अर्थातच माझ्याकडे आले. 'आपण अतुलनीय धैर्य दाखवून' इथपर्यंत लिहिले आणि मी थांबलो. मी त्या प्रसंगाचा साक्षीदार होतो खरा. पण कशाचा साक्षीदार? त्याच्या धैर्याचा, की माझ्या स्वतःच्या नुसते उभे राहण्याचा? अखेर नेहमीचे शब्द नेहमीच्या क्रमाने लिहून मी मोकळा झालो. समारंभ थाटात पार पडला. शाल, श्रीफळ, चौकटीतले मानपत्र, टाळ्या. दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला, तेव्हा तो ध्वनिक्षेपकापासून हातभर दूरच उभा राहिला आणि व्यासपीठाकडे वळून म्हणाला, "त्या पोराचं पुढं काय झालं ओ?"

व्यासपीठावरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मुलगा दुसऱ्या तालुक्यातला. त्याच रात्री त्याला सोलापूरला हलवलेला. पुढचे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. हार किती आणायचे, पत्रिकेवर कोणाचे नाव आधी घालायचे, यावर आमच्या बैठका झाल्या होत्या. त्या मुलाची चौकशी करण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते. ज्याने मानपत्र लिहिले त्यालाही नाही.

त्या प्रश्नाने मला एक गोष्ट दाखवली. धाडस करणाऱ्याची नजर संकटात सापडलेल्या माणसाकडे असते, आणि सत्कार करणाऱ्यांची नजर धाडस करणाऱ्याकडे. तो ज्याच्याकडे पाहत होता, तो माणूस आमच्या नजरेतून निसटून जातो. मग उरतो तो एक पुतळा आणि त्याच्या गळ्यातला हार.

ज्यांची नावे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, अशांच्या बाबतीतही हेच दिसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांच्या कक्षात वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी कक्षाचे जड दरवाजे ओढून घेतले आणि त्या सर्वजणींना आतल्या लहानशा खोलीत हलवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा त्याच काळोखातून तिला प्रसूतिकक्षापर्यंतही नेले. पुढे कसाबविरुद्ध साक्ष देण्याची वेळ आली, तेव्हा परिचारिकेचा गणवेश घालूनच न्यायालयात उभे राहण्याची त्यांनी परवानगी मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी आपली हकीकत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे सांगितली. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या सुटत असताना विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक आपल्या खोलीतून पळाले नाहीत. कोणत्या बाजूने बाहेर पडावे ते प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. रोज गाडीची वेळ सांगणारा आवाज त्या रात्री जीव वाचवण्याची वाट सांगत होता. गणवेश काय किंवा उद्घोषकाची खोली काय, ही रोजच्याच कामाची साधने. ज्यांच्यासाठी ते काम करायचे, त्यांच्यावरून या दोघांची नजर हलली नाही, एवढेच.

आणि मयूर शेळके. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकावर एका अंध मातेचे मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून गाडी वेगाने येत होती. रेल्वेत पॉइंट्समन असलेला हा तरुण रुळांवरून धावत गेला, मूल फलाटावर ठेवले आणि गाडी येऊन ठेपण्याच्या क्षणभर आधी स्वतः वर चढला. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. रेल्वेने त्याला पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले, तेव्हा त्यातली निम्मी रक्कम त्याने त्या मुलाच्या शिक्षणासाठी देऊ केली. 'त्या पोराचं पुढं काय झालं' हाच प्रश्न त्यानेही विचारला म्हणायचा. फक्त शब्दांऐवजी रुपयांत.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. महाराष्ट्रात गावोगाव वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना शेंदूर लागून त्यांचे देव झालेले आहेत. गावच्या गाई शत्रूने वळवून नेल्या आणि त्या सोडवताना कोणी गुराखी किंवा शेतकरी पडला, तर त्याच्या नावाने असा दगड उभा करीत. त्यात खालपासून वर कप्पे असतात. मध्ये लढाई, त्यावर वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. आणि गोधनासाठी पडलेल्या वीराच्या दगडावर खालच्या कप्प्यात गाई कोरलेल्या असतात. पंढरीच्या विठोबाचे मूळच अशा एखाद्या गोरक्षक वीराच्या दगडात असावे, असा तर्कही काही अभ्यासकांनी केला आहे. तो तज्ज्ञांनी पारखावा. मला महत्त्वाच्या वाटतात त्या गाई. बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. वीराचे नाव केव्हाच पुसले गेले आहे. पण तो कशासाठी पडला, ते आजही कोणालाही वाचता येते. आमच्या मानपत्रांत नेमके उलटे असते. नाव ठळक अक्षरांत, आणि गाई कोठेच नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मग सत्कारच कशाला हवा? फळाची आशा न धरता कर्म करावे, हे ज्याने आचरून दाखवले, त्याच्या हाती नारळ ठेवणे म्हणजे त्याच्या निष्काम कर्माला किंमत लावणे नव्हे काय? हा आक्षेप वरवर थोर वाटतो; पण तो घेणाऱ्याच्या सोयीचा आहे. फळाची आशा न धरणे हा करणाऱ्याचा धर्म. ज्यांच्यासाठी केले त्यांनी ते विसरून जावे, असे त्यातून निघत नाही. देणाऱ्याने मोजू नये. घेणाऱ्याने मात्र मोजलेच पाहिजे.

सरकारनेही मोजण्याचा प्रयत्न केला आहे. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरूंच्या समक्ष मंडपाला आग लागली, तेव्हा चौदा वर्षांच्या एका बालवीराने आपल्या चाकूने कापड फाडून लोकांना वाट करून दिली. त्यातून मुलांसाठी शौर्य पुरस्कार सुरू झाले. दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांसाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदके आहेत. पण मला याहून मोठा सन्मान वाटतो तो वेगळाच. अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांनी आणि इस्पितळांनी छळू नये, यासाठीच्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तसे कलम आले. २०२१ पासून अशा माणसाला पाच हजार रुपये देण्याची योजना निघाली; पुढे ती रक्कम पंचवीस हजार झाली. रुपयांपेक्षा कलमाचे मोल मला अधिक वाटते. पदक एका शूराला मिळते. हे कलम त्या रस्त्यावर माझ्यासारखे जे उभे असतात, त्यांच्या हातातली सबब काढून घेते. कायद्याने माझी भीती अनाठायी ठरवली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मानपत्रे लिहिणाऱ्या मास्तराने हे कलम शाळेच्या फळ्यावर लिहिले असते, तर बरे झाले असते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला त्या गाडीवानाच्या बायकोने शिकवली. समारंभानंतर चार-सहा दिवसांनी मी त्यांच्या कोप्यांकडे गेलो होतो. चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "शाल दिली, ग्वाड झालं गुरुजी. पर त्या दिसाचा खाडा काय निघंना." त्या दिवशीची खेप कारखान्यावर गेली नव्हती, आणि मुकादमाच्या वहीत तो दिवस खाडा म्हणून पडला होता. उचलीतून तेवढी रक्कम फिटायची राहिली होती. चांगुलपणाची किंमत असते, आणि ती बहुधा चांगले करणाऱ्याच्याच नावावर पडते, हे मी कादंबरीत लिहिले असते. वहीत लिहिलेले तेव्हा प्रथम पाहिले.

आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कोणाला ठाऊक नाही? दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी मोकळी केली, आणि बेदरहून त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला. तेव्हा विठोबाने काय केले? त्याने दामाजीला हार घातला नाही, की आकाशातून पुष्पवृष्टी केली नाही. विठू महाराचे रूप घेऊन तो बेदरला गेला, धान्याचे पैसे चुकते केले आणि पावती घेतली. सत्काराची याहून चोख कल्पना मला ठाऊक नाही. चांगल्या माणसाच्या नावावर चांगुलपणापायी जी बाकी पडली असेल, ती आपण फेडावी.

त्याच मंगळवेढ्यात चोखोबा गेले. परंपरा सांगते की १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी उचलून पंढरीस आणली. महाद्वाराशी त्यांची समाधी आहे, आणि आम्ही तिच्यापुढे माथा टेकतो. पण दरवेळी माझ्या मनात येते, बाकीच्या हाडांचे काय झाले? तीही भिंत बांधणाऱ्यांचीच होती. प्रत्येक सन्मान एकाला निवडतो आणि बाकीच्यांना मागे ठेवतो. ते अटळही आहे. म्हणून समाधीपुढे नमस्कार करताना त्या ढिगाऱ्याची आठवण ठेवावी, आणि भिंत का पडली, हेही विचारावे. धाडसाची वेळ पुष्कळदा कोणाच्या तरी हयगयीतून येते. टेंभुर्णीच्या रस्त्यावरचा तो खड्डा आमच्या समारंभाच्या दिवशी होता तसाच होता.

असो. मानपत्रे मी आजही लिहितो. ती सुटणार नाहीत. मात्र कोणी धाडसाबद्दल मानपत्र मागायला आले, की मी आता तीन गोष्टी विचारतो. ज्याला वाचवले, तो आज कसा आहे? वाचवणाऱ्याचे काही नुकसान झाले का, आणि ते कोणी भरून दिले? जिथे हे घडले, तिथली जागा दुरुस्त झाली का? मंडळी प्रथम चमकतात, काही रागावतात. पण एकदा तरी हारांच्या पैशांतून एका माणसाची बुडालेली मजुरी दिली गेली, हे मला ठाऊक आहे.

त्या मुलाचा शोध मीच घेतला. दोन रविवार त्यात गेले. तो जगला, चालताना किंचित लंगडतो. हंगाम संपायच्या आत मी ते कोपीवर जाऊन सांगितले आणि खाड्याचे पैसेही पुढे केले. पैसे घ्यायला गाडीवान संकोचला. त्याच्या बायकोने ते मोजून कनवटीला लावले, आणि मला ते फार बरे वाटले. मुलाचे ऐकून तो म्हणाला, "जगलं न्हवं? मग झालं," आणि बैलांना वैरण टाकायला उठला. चौकटीतले मानपत्र कोपीच्या मेढीला टांगलेले होते. त्यात मी काय काय लिहिले होते, ते त्याला वाचता येत नव्हते. आणि त्यात जे लिहायचे राहिले होते, ते मला त्या दिवशी प्रथम वाचता आले.